पाहणे आणि पारखणे : ‘चारुलता’च्या निमित्ताने

मराठीत ‘चारित्र्य’ या शब्दाचे फार हाल झाले आहेत. वर्तमानपत्रांत तो बहुधा ‘संशय’ या शब्दाचे बोट धरून येतो आणि तेव्हा बातमी स्त्रीची असते. पुरुषाच्या संदर्भात आलाच, तर तो रोकडवहीशी जोडलेला असतो. वस्तुतः मूळ धातू ‘चर्’ हा आहे; चालणे, वागणे, वावरणे असा त्याचा अर्थ. मनुष्य ज्या रीतीने वावरतो त्यातून त्याच्याविषयी जे कळते, ते चारित्र्य. हा विस्तृत अर्थ आपण गमावला. आता माणसाने काय केले नाही, एवढ्यावरच त्याचे चारित्र्य ठरते.

आमच्या माळव्यात राज्य सरकारच्या सेवेत आयुष्य घालवलेल्यांना याच कुळातला आणखी एक शब्द पाठ असतो. तो म्हणजे ‘गोपनीय चरित्रावली’. दरवर्षी हाताखालच्या माणसांविषयी चार-सहा ओळी लिहायच्या, ‘सत्यनिष्ठा’ या रकान्यात ती संशयातीत असल्याचे नोंदवायचे, आणि शेवटी उत्कृष्ट, बहुत अच्छा, अच्छा, औसत यांपैकी एक शिक्का मारायचा. प्रतिवेदक अधिकारी लिहितो, समीक्षक अधिकारी त्यावर मत देतो, स्वीकारकर्ता स्वीकारतो. या तिघांपैकी पुष्कळदा एकानेही त्या माणसाकडे सलग पाच मिनिटे नीट पाहिलेले नसते. ही तक्रार नव्हे. व्यवस्था अशीच चालते, आणि पाच मिनिटे पाहत बसले तर कचेरी चालणार नाही. परंतु त्यातून एक प्रश्न उरतो व तो निवृत्तीनंतर अधिक सतावतो. दुसऱ्या माणसाला ओळखणे म्हणजे नेमके काय? ते त्याची पारख करण्याहून वेगळे असते का?

या प्रश्नाची चर्चा तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत पुष्कळ आहे. आम्हांस मात्र त्याचे सर्वांत स्पष्ट रूप एका चित्रपटात दिसले. सत्यजित रे यांचा 1964 सालचा ‘चारुलता’. चार भिंतींच्या आत दोन-तीन माणसांमध्ये घडणारे हे नाट्य. त्यात कोणी कोणाला मारत नाही, कोणी घर सोडून पळत नाही, मोठ्याने भांडणही होत नाही. एवढ्या थोड्या घटनांतून माणसे इतकी उघडी कशी होतात, हे समजून घ्यायचे तर कॅमेरा कोठे ठेवला आहे आणि नटमंडळी त्याच्यासमोर काय करतात, इकडे वळावे लागते.

आपण मराठी माणसे नाटकावर पोसलेली. महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्यांनी तर नाटकाला जरा जास्तच घट्ट धरून ठेवले आहे. गणेशोत्सवातले तीन अंकी नाटक ही आपल्याकडे जवळजवळ कुळाचाराची बाब होती. रंगभूमीवर माणूस ओळखण्याची रीत ठरलेली आहे. मनातले सांगायचे असेल तर पात्र दोन पावले पुढे येते आणि स्वगत म्हणते. संगीत नाटक असेल तर पदच म्हणते. शेवटच्या रांगेत बसलेल्यापर्यंत ते पोचले पाहिजे, म्हणून हात मोठे हलतात, आवाज मोठा लागतो. या रीतीत एक करार असतो. पात्राला ठाऊक असते की आपल्याला कोणी पाहत आहे, आणि जे दाखवायचे तेच ते दाखवते. चारुलतेची कथा घडते 1879-80 च्या कलकत्त्यात. त्याच 1880 च्या ऑक्टोबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगमंचावर आले. म्हणजे ज्या काळी इकडे शकुंतलेचे विरहदुःख पदांतून भरगच्च प्रेक्षागारात गायले जात होते, त्याच काळच्या एका बंद घरातल्या स्त्रीचे दुःख रे यांना दाखवायचे होते, आणि तिला ते सांगायला जगात कोणीही नव्हते. तिच्या तोंडी स्वगत घातले असते तर तिचे एकटेपण तिथेच खोटे पडले असते.

कथा रवींद्रनाथांची आहे. ‘नष्टनीड’ ही त्यांची दीर्घकथा 1901 सालची. भूपती हा श्रीमंत, उदारमतवादी गृहस्थ. वडिलोपार्जित पैसा त्याने एका इंग्रजी राजकीय वर्तमानपत्रात ओतला आहे. छापखाना घरातच. चारू ही त्याची तरुण पत्नी; निपुत्रिक, वाचनवेडी, रिकामी. भूपतीचा आतेभाऊ अमल सुट्टीत येतो; तो कवी आहे, खोडकर आहे, आणि चारूच्याच वयाच्या आसपासचा आहे. पुढे काय होते हे सांगायला नकोच. माधवी मुखर्जी, सौमित्र चटर्जी आणि शैलेन मुखर्जी हे तिघे नट. छायाचित्रण सुब्रत मित्र यांचे. आणि ते घर म्हणजे बन्सी चंद्रगुप्त यांनी स्टुडिओत उभारलेला देखावा. 1965 साली बर्लिनला दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल या चित्रपटास मिळाले. आपल्या चित्रपटांत सर्वांत कमी दोष याच्यात आहेत असे रे स्वतः मानत. आम्हांस त्यांचे म्हणणे मान्य आहे, जरी ‘अपराजितो’वर जीव अधिक असला तरी.

आता पहिली सातएक मिनिटे पाहू. पलंगावर बसून चारू रुमालावर भरतकाम करीत आहे. अक्षर ‘बी’, नवऱ्याच्या नावाचे आद्याक्षर. घड्याळाचे ठोके पडतात. ती नोकराला हाक मारून मालकांचा चहा न्यायला सांगते. मग दिवाणखान्यात येते, कपाटातून बंकिमचंद्रांचे पुस्तक काढते, त्यांचे नाव गुणगुणते. बाहेर मदाऱ्याचे डमरू वाजते. ती खिडकीच्या पट्ट्यांची झडप किलकिली करून पाहते. नीट दिसत नाही म्हणून नाटकगृहात वापरतात तशी दांडीची दुर्बीण आणते, आणि या खिडकीतून त्या खिडकीत धावत राहते. माकडवाला जातो, पालखी जाते, छत्री घेतलेला एक लठ्ठ गृहस्थ जातो. एका खिडकीच्या टप्प्याबाहेर तो गेला की ही पुढची खिडकी गाठते. शब्द जवळजवळ नाहीत. कॅमेरा तिच्याबरोबर चालतो, थांबतो, पुन्हा चालतो. घरातल्या जड मेजांच्या आणि खुर्च्यांच्या गर्दीतून तिच्या पावलांना वाट सवयीने ठाऊक आहे, एवढ्यावरून आपल्याला कळते की हा खेळ आजचा नाही. रोज दुपारी असेच चालत असणार.

आणि मग भूपती येतो. तो ओसरीतून जातो, पुस्तक घेतो, वाचत वाचतच परत येतो आणि बायकोच्या अंगावरून निघून जातो. ती तिथे उभी आहे हे त्याच्या लक्षातही येत नाही. चारू काय करते? तिच्या हातात दुर्बीण आहेच. ती डोळ्यांना लावून ती पाठमोऱ्या नवऱ्याला पाहते. रस्त्यावरचा परका माणूस पाहावा तसे. हाताच्या अंतरावरचा नवरा, आणि त्याला पाहायला दुर्बीण लागते! तो दिसेनासा झाल्यावर दुर्बीण खाली येते आणि त्याच क्षणी कॅमेरा झूम करून झटक्यात मागे हटतो. मोठ्या खोलीत चारू एकदम लहान होते. आम्ही हे दृश्य बरेचदा पाहिले आहे. आपण तिच्या इतक्या जवळ होतो, हे त्या क्षणापर्यंत जाणवलेलेच नसते.

येथे कोणाही सहृदय प्रेक्षकास भूपतीचा राग येतो. तो अन्याय आहे, असे आमचे मत. भूपती वाईट माणूस नाही. किंबहुना या कथेतला सर्वांत सज्जन माणूस तोच आहे. तो पैशाने उदार आहे, विचाराने पुढारलेला आहे, दारूबाईच्या वाटेला जाणारा नाही, बायकोवर ओरडणारा नाही. तिला एकटे वाटत असेल हेही त्याला कळते. म्हणून तो तिच्या भावाला, उमापदाला, वर्तमानपत्राची व्यवस्था देऊन घरी बोलावतो आणि भावजयीची सोबत करून देतो. तिला लिहिण्याची आवड आहे हेही त्याने हेरले आहे. म्हणून अमल आल्यावर तो त्याला गुपचूप सांगतो की हिच्या लेखनाला जरा उत्तेजन दे, पण मी सांगितले हे तिला कळू देऊ नकोस. आमच्यासारख्या जुन्या सरकारी माणसाला येथे ओळखीचे काहीतरी दिसते. हे अधिकारांचे प्रत्यायोजन आहे. प्रशासनात ते चांगलेच समजले जाते. वरिष्ठाने सर्व कामे स्वतः केली तर फायली तुंबतात. पण काही कामे अशी असतात की ती दुसऱ्याकडे सोपवली की ती कामेच राहत नाहीत. बायकोकडे लक्ष देण्याचे काम भूपतीने अमलकडे सोपवले आणि अमलने ते उत्तम पार पाडले. इतके उत्तम, की घर मोडले.

तेव्हा प्रश्न असा : न पाहणे हा दोष आहे काय? आपल्या नीतिशास्त्रात दोष मोजले जातात ते कृतीचे. खोटे बोलू नये, चोरी करू नये, परस्त्रीकडे वाईट नजरेने पाहू नये. वाईट नजरेने पाहण्याला शास्त्रांत आणि समाजात शासन आहे. मुळीच न पाहण्याला नाही. वर्षानुवर्षे एका छताखाली राहून एकमेकांच्या तोंडाकडे न पाहिलेली जोडपी आपल्या सर्वांच्या घराण्यांत होऊन गेली, आणि त्यांचा संसार ‘सुखाचा’ म्हणूनच सांगितला जातो.

आयरिस मर्डॉक या विदुषीने 1970 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात या संदर्भात एक दाखला दिला आहे, तो मराठी वाचकाला लगेच आपलासा वाटेल, कारण तो सासू-सुनेचा आहे. एका सासूला आपली सून जरा गावंढळ, फटकळ, पोरकट वाटते. परंतु सासू मोठी शिस्तीची. बाहेरून ती सुनेशी अगदी यथायोग्य वागते, मनातले कोणाला कळूही देत नाही. पुढे मुलगा-सून परदेशी निघून गेली असे समजा, म्हणजे आता प्रत्यक्ष वागण्याचा प्रश्नच उरला नाही. एके दिवशी सासू स्वतःशी म्हणते, मी जुन्या वळणाची आहे, कदाचित मत्सरीही असेन. तिच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहिले पाहिजे. आणि असे पुन्हा पुन्हा, न्याय्य नजरेने पाहताना तिला दिसू लागते की जे गावंढळ वाटले ते साधेपण होते, जो पोरकटपणा वाटला तो उत्साह होता. बाहेर काहीही बदललेले नाही. सुनेला याचा पत्ताही नाही. तरी मर्डॉक म्हणतात की त्या सासूने काहीतरी केले आहे, आणि जे केले ते नैतिक कर्म आहे. ‘लक्ष’ ही कल्पना त्यांनी सिमॉन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीकडून घेतली.

हे मान्य केले तर भूपतीचा दोष कशात आहे ते नीट सांगता येते. त्याचे वागणे यथायोग्य होते, फक्त ते पुन्हा एकदा पाहणे त्याने कधी केले नाही. आणि चित्रपट काय करतो? त्याने जे केले नाही ते आपल्याकडून करवून घेतो. पहिली सात मिनिटे म्हणजे चारूकडे नीट पाहण्याचा आपला वर्ग आहे. तो संपल्यावर भूपती आत येतो, तेव्हा तिच्याविषयी तिच्या नवऱ्याहून जास्त आपल्याला माहीत झालेले असते.

येथे कोणी शहाणा वाचक आक्षेप घेईल की कॅमेरा म्हणजे काही सत्याचा आरसा नव्हे, आणि त्याचे म्हणणे रास्त आहे. रशियात 1920 च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. तो एकदा सूपच्या वाडग्याच्या चित्राला जोडला, एकदा शवपेटीच्या. प्रेक्षकांना पहिल्यात भूक दिसली, दुसऱ्यात शोक दिसला, आणि नटाच्या अभिनयाची वाहवा झाली. चेहरा मात्र तोच होता. म्हणजे चेहऱ्यावर जे वाचले म्हणून आपण सांगतो, ते पुष्कळदा आपणच तिथे लिहिलेले असते. चौकट अर्थ देते, शेजारचे चित्र अर्थ देते, आणि आपण समजतो की माणूस ओळखला. चरित्रावलीच्या रकान्यांचेही असेच. मागच्या वर्षीचा शेरा शेजारी असला की यंदाचा माणूस तसाच दिसू लागतो.

परंतु कुलेशोव्हचा चेहरा निर्विकार होता आणि क्षणभरच दिसत होता, ही त्या प्रयोगाची मर्यादा आहे. चांगल्या नटाचा चेहरा सलग काही काळ चौकटीत राहिला, तर तो आपण लिहिलेले पुसून टाकू लागतो. बागेतल्या झोपाळ्याचे दृश्य घ्या. चारू झोके घेत रवींद्रनाथांचे एक गाणे गुणगुणते आहे. अमल खाली चटईवर पडून लिहितो आहे. कॅमेरा झोपाळ्याबरोबरच झुलतो, त्यामुळे तिचा चेहरा चौकटीत स्थिर राहतो आणि मागची झाडे, बाग, सारे जग खालीवर होते. आतापर्यंत हे केवळ आनंदाचे चित्र आहे. मग झोका थांबतो. ती दुर्बीण डोळ्यांना लावते. शेजारच्या घरात मूल घेतलेली एक बाई दिसते. दुर्बीण तेथे जरा रेंगाळते आणि नंतर अमलकडे वळते. यानंतर माधवीबाईंच्या चेहऱ्यावर जे होते त्याला मराठीत एक शब्द सापडत नाही. हसू विरते, पण त्याची जागा दुःख घेत नाही. आपल्या मनात काय चालले आहे हे स्वतःलाच नुकते समजल्यासारखी ती जराशी घाबरते. विशी नुकतीच ओलांडलेल्या त्या नटीने हे केले, आणि भुवईसुद्धा उचललेली दिसत नाही. प्रेक्षकाने चटकन एक शेरा लिहावा, तर पुढच्याच क्षणी चेहरा तो खोडतो. ‘प्रेमात पडली’ म्हणावे, तर त्या मूल घेतलेल्या बाईचे काय? ‘मूल हवे आहे’ म्हणावे, तर नजर अमलवर कशी? ज्याला कॅमेऱ्यासमोरचा अभिनय म्हणतात तो हाच असावा. नट स्वतःला दाखवत नाही. तो फक्त लपवायचे थांबवतो, आणि तेही पूर्णपणे नाही.

याउलट दुसरे एक दृश्य. उमापदाने पैशाचा अपहार करून पोबारा केल्यावर भूपती अमलजवळ मन मोकळे करतो. आपल्याच माणसाने विश्वासघात केला, मग विश्वास ठेवायचा कोणावर, असे त्याचे बोलणे. बोलतो भूपती, पण आपले डोळे लागतात अमलकडे. प्रत्येक शब्द आपल्यालाच उद्देशून आहे असे त्याला वाटते आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात तसे काहीही नाही. सौमित्रबाबूंनी येथे जवळजवळ काहीच केलेले नाही. ते फक्त ऐकतात. त्या रात्री चिठ्ठी ठेवून अमल घर सोडतो. ‘चारित्र्य’ या शब्दाचा जुना, विस्तृत अर्थ हवा असेल तर तो या ऐकण्यात आहे. त्याने काय केले नाही, यापेक्षा ऐकताना तो कसा बसला होता यावरून तो माणूस आपल्याला कळतो.

आतापर्यंत आम्ही पाहण्याची बाजू मांडली. तिच्यात एक काटा आहे आणि तो टाळून चालणार नाही. चारूला कोणी पाहत आहे हे तिला ठाऊक नाही. आपण अंधारात बसून तिच्या एकांतात डोकावतो, आणि ती उलटून आपल्याकडे पाहू शकत नाही. लपून पाहणे आणि लक्ष देऊन पाहणे यांत भेद कसा करायचा? गोपनीय अहवालाचाही नैतिक पेच नेमका हाच होता. ज्याच्याविषयी लिहिले, त्यालाच ते वाचता येत नसे. प्रतिकूल शेरा असेल तरच कळवला जाई. 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सीमा सडक संघटनेतल्या एका अभियंत्याच्या प्रकरणात निकाल दिला की प्रत्येक शेरा, मग तो चांगला असो वा वाईट, संबंधितास कळवलाच पाहिजे. त्या अभियंत्याच्या अहवालात ‘चांगला’ असे लिहिले होते. बढतीसाठी ‘फार चांगला’ लागत होते. ‘चांगला’ या शब्दाने आपला घात झाला हे त्याला ठाऊकच नव्हते. निकाल आमच्या मते योग्य होता, जरी त्यानंतर अहवाल लिहिणाऱ्यांनी सर्वांनाच उत्कृष्ट ठरवायला सुरुवात केली असे जुने सहकारी हसत हसत सांगतात.

चित्रपटाला मात्र हा निकाल लागू करता येत नाही. तेव्हा कॅमेऱ्याने शील पाळायचे कसे, याचे एक उत्तर चैतन्य ताम्हाणे यांच्या 2014 सालच्या ‘कोर्ट’ने दिले आहे. ते रे यांच्या अगदी उलट दिशेने जाते. येथे कॅमेरा दूर उभा राहतो, हलत नाही, आणि प्रसंग संपल्यावरही लगेच निघत नाही. एका म्हाताऱ्या शाहिरावर खटला चालू आहे. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली असा आरोप. सरकारी वकील बाई, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, एकसुरी आवाजात कायद्याची कलमे वाचत त्याचा जामीन अडवते. आपण तिच्याविषयी मत बनवून मोकळे होतो. मग कॅमेरा तिच्या मागोमाग लोकलमध्ये जातो, घरी जातो. ती स्वयंपाक करते, नवऱ्या-मुलांना वाढते. एका सुट्टीला सारे कुटुंब मराठी नाटकाला जाते. त्या नाटकात परप्रांतीय मुलाची यथेच्छ टवाळी आहे, आणि प्रेक्षागार टाळ्या पिटते. आमच्यासारख्या, अडीचशेहून अधिक वर्षे परप्रांतात नांदलेल्या घराण्यांतील माणसाला त्या टाळ्या ऐकताना खुर्चीत नीट बसवत नाही. आणि तरीही ती बाई दुष्ट नाही. ती दमलेली, संसारी, तुमच्या-आमच्या घरातल्यासारखी आहे. स्वयंपाकघर पाहून आपण तिला क्षमा करावी असे दिग्दर्शक सुचवत नाही, किंवा टाळ्या ऐकून तिला धिक्कारावे असेही नाही. तो फक्त कॅमेरा थोडा अधिक वेळ चालू ठेवतो. त्या अधिक वेळात आपला शेरा गळून पडतो आणि पुन्हा लिहायला हात धजत नाही. लपून पाहणाऱ्याला काहीतरी मिळवायचे असते, म्हणून ते मिळाले की तो निघून जातो. लक्ष देणारा रेंगाळतो, एवढा भेद आम्हांस तरी दिसतो.

रे यांनी हा काटा निराळ्या रीतीने काढला आहे. एक तर पाहण्याचे साधन त्यांनी चारूच्याच हाती दिले. ती केवळ पाहिली जाणारी नाही. दुर्बीण तिची आहे, आणि पुढे लेखणीही तिची होते. आपल्या गावाच्या आठवणी ती लिहिते तेव्हा कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या अगदी जवळ येतो आणि त्यांवर नदी, जत्रा, माणसे तरळू लागतात. हे चित्र तिला बाहेरून पाहणाऱ्याचे नाही; तिने स्वतः पाहिलेले आपल्याला दाखवले आहे. तो लेख मोठ्या मासिकात छापून येतो, अमलच्या लेखांहून सरस ठरतो, आणि जिंकल्यावर ती त्याच्या अंगरख्याला बिलगून रडते.

दुसरे म्हणजे शेवट. अमलचे पत्र येते. एकटी असल्याच्या समजुतीत चारू कोसळून रडते, आणि परत फिरलेला भूपती ते पाहतो. साऱ्या चित्रपटात त्याने बायकोकडे खऱ्या अर्थाने पाहिले ते या एकदाच, आणि तेही चोरून, दारातून. तो गाडीत बसून रस्तोरस्ती फिरतो. रवींद्रनाथांच्या कथेत यानंतर भूपती म्हैसूरला नोकरीवर निघतो, मलाही घेऊन चला, असे चारू म्हणते, तो घुटमळतो, आणि अखेर चल म्हणतो तेव्हा, राहू द्या, एवढेच तिचे उत्तर असते. रे यांनी म्हैसूर गाळले. त्यांचा भूपती घरी परततो. चारू दार उघडते, आत या म्हणते, हात पुढे करते. तो हात पुढे करतो. दोन्ही हात एकमेकांना लागण्यापूर्वी चित्र गोठते.

यापुढे हालचाल नाही, स्थिरचित्रे आहेत. दोन हात, मध्ये थोडी जागा. तिचा चेहरा, अर्धा उजेडात. त्याचा चेहरा. इतका वेळ जो कॅमेरा खिडकीतून खिडकीत तिच्यामागे धावला, तिच्या डोळ्यांत शिरला, तो आता त्या दोघांना सोडून पायरीपायरीने मागे हटतो, आणि हात मिळाले की नाही हे विचारत नाही. या स्थिरचित्रांत आणखी एक चित्र आहे, ज्याकडे प्रेक्षकांचे फारसे लक्ष जात नाही. घरातला म्हातारा नोकर दिवा घेऊन येता येता गोठला आहे. पहिल्या दृश्यात मालकांचा चहा न्यायला ज्याला हाक मारली होती, तोच हा. ओसरी, दिवाणखाना, झोपण्याची खोली, सगळीकडे त्याचा वावर होता. त्याने काय काय पाहिले, हे त्याला कोणीच विचारलेले नाही.